बामर श्रेणीचे प्रात्यक्षिक खरोखर व्हावे

प्रति,
संपादक,

महोदय,

हायड्रोजनच्या प्रकाशातील वर्णपटरेषांच्या श्रेणींपैकी लायमन अतिनीलमध्ये जाते, पाश्चेन अवरक्तमध्ये. डोळ्यांनी मोजता येते ती बामर श्रेणीच. पण पदवीच्या कित्येक जर्नलांत (प्रयोगवह्यांत) तिच्या चारही रेषा (६५६.३, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.२ नॅनोमीटर) पुस्तकातून उतरवलेल्या असतात आणि त्यांवरून काढायचा रिडबर्ग स्थिरांक (R) हमखास १.०९७ × १०⁷ प्रति मीटर येतो. १८८५ साली बामरने सूत्र मांडले ते आंगस्ट्रॉमने काटेकोर मोजलेल्या याच चार रेषांवरून. तेव्हा मोजणी गाळून या प्रयोगात काय उरते?

प्रयोग अवघड नाही. इंचाला १५,००० रेघा असे ग्रेटिंगवर (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या, बारीक समांतर रेघांच्या पट्टीवर) छापलेले असले तरी आधी सोडियमच्या पिवळ्या रेषेने (५८९.३) तपासावे. कोन २०° २२′ च्या आसपास यायला हवा. प्रत्यक्ष येईल त्यावरून रेघांमधले अंतर काढावे. मात्र या मोजणीच्याही आधी स्पेक्ट्रोमीटरचा (कोन मोजायच्या उपकरणाचा) टेलिस्कोप सरळ किरणापासून ९०° वळवून, ग्रेटिंगवरून परावर्तित झालेली स्लिटची प्रतिमा क्रॉसवायरवर आणायची आणि टेबल ४५° फिरवून ग्रेटिंग किरणांना काटकोनात आणायचे.

घाई होते ती इथे. ग्रेटिंग १° तिरके राहिले, तर तांबड्या रेषेचे डावे-उजवे कोन सुमारे १० मिनिटांनी वेगळे येतात. एकाच बाजूवर भागवले तर तरंगलांबी २.३ नॅनोमीटरने चुकते. दोन्ही बाजूंची सरासरी घेतली की ही चूक जवळजवळ निघून जाते. परीक्षकांनी दोन्ही बाजूंची, दोन्ही व्हर्नियरवरची वाचने मागितलीच पाहिजेत.

डिस्चार्ज ट्यूबचा अरुंद भाग स्लिटला समांतर आणि अगदी जवळ हवा. ट्यूब अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद ठेवावी. सलग चालवली तर तापून लवकर खराब होते. अशा ट्यूबमध्ये हायड्रोजनच्या रेणूच्या असंख्य फिकट रेषा दिसतात आणि विद्यार्थी त्यातलीच एखादी हिरवी रेषा ४८६.१ समजून धरतात. महाविद्यालयांनी ट्यूब वेळेवर बदलाव्यात.

४१०.२ ची जांभळी रेषा पुष्कळांना दिसतच नाही, कारण तिथे डोळ्याची संवेदनक्षमता फार कमी. न दिसल्यास तीनच रेषा लिहू द्याव्यात, गुण कापू नयेत. १/λ विरुद्ध १/n² हा आलेख (λ म्हणजे तरंगलांबी; n म्हणजे रेषेचा पूर्णांक, तांबडीसाठी ३ आणि पुढच्यांसाठी ४, ५, ६) तीन बिंदूंवरही निघतो. त्याच्या उतारावरून R मिळतो, उभ्या अक्षावरच्या छेदावरून R/४. दोन्हींतून आलेले R जुळले नाहीत, तर एखाद्या रेषेला चुकीचा n दिला आहे का, हे आधी पाहावे.

आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचा एक अध्यापक