ग्रीसच्या मंत्रीसाहेबांना खुलं पत्र: आमच्या पणजोबांचा दगड कुठाय?

माननीय मंत्रीसाहेब, सा. न. वि. वि.

मराठीत लिहितेय, तुम्हाला कळणार नाही हे माहितीय, पण इंग्रजीत चार मेल पाठवले ते तरी कुठे कळले. पाचव्याला तुमच्या एका ऑफिसातून उत्तर आलं की मंगळवारी ११ वाजता या, जुन्या थडग्यांच्या दगडांची नोंद दाखवतो. आम्ही दोघं इस्राएलमधल्या अश्दोदहून तिकीट काढून थेसालोनिकीला आलो, माझा गुडघा नुकताच बदललेला, तुमच्या गावाला चढ किती ते तुम्हीच मोजा, आणि दाराला कुलूप! वॉचमन म्हणाला मॅडम रजेवर, पुढच्या आठवड्यात बघा. पुढच्या आठवड्यात आम्ही काय समुद्रात राहायचं?

मी मूळची अलिबागची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. यांचे आजोबा तुमच्या बंदरातले हमाल, १९३३ ला हैफाच्या बंदरात कामाला गेले म्हणून वाचले. त्यांचे वडील सलोनिकातच, म्हणजे तुमच्या थेसालोनिकीतच, पुरलेले. त्या बंदराला एकेकाळी शनिवारी सुट्टी असायची, ज्यूंचा पवित्र वार म्हणून, हे तुम्हाला सांगायला नको. १४९२ ला स्पेनने हाकललेले ज्यू तिथे आले, पण त्याच्याही जवळजवळ दीड हजार वर्षं आधी ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉल तिथल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या मंदिरात, तीन शनिवार बोलून गेला होता, तुमच्याच बायबलात आहे.

आणि त्या ज्यूंचं कब्रस्तान? कुणी ३ लाख थडगी म्हणतं कुणी ५ लाख, मोजायला ठेवलं कोणी. १९४२ च्या डिसेंबरात, शहर ताब्यात घेतलेल्या जर्मनांच्या परवानगीने तुमच्याच पालिकेच्या माणसांनी ते फोडलं, आज वर युनिव्हर्सिटी आहे. त्याच वर्षी जर्मनांच्या वेठबिगारीतले पुरुष सोडवायला ज्यू समाजाने अब्जावारी द्राक्मा भरले होते. भरून काय झालं? मार्च १९४३ पासून गाड्या सुटल्या, १९ गाड्या, ४५ हजारांच्या वर माणसं, जवळजवळ सगळी आउश्वित्झच्या मृत्यूछावणीला. हे ज्याच्या सहीने झालं त्या मेर्टेन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याला १९५९ ला अथेन्समध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी तो जर्मनीत घरी! आमच्याकडे पाकीटमारसुद्धा जास्त दिवस आत बसतो.

कुलूप बघून परत फिरलो तेव्हा एका गल्लीतल्या भिंतीत मला एक दगड दिसला. उलटा बसवलेला. मान वाकडी करून वाचलं, हिब्रू अक्षरं पे आणि नून, म्हणजे ‘इथे पुरलंय’, आणि खाली जिथे नाव असतं तिथे सिमेंट. हे तिथेच फुटपाथवर बसले, पाणीसुद्धा घेईनात. तो आमचाच दगड असं मी म्हणत नाही हो, पण नाही असं तरी कोण सांगणार?

अलिबागजवळ नवगावला आमचे पूर्वज जहाज फुटून बुडाले म्हणतात, त्यांच्या थडग्यांवर तर नावंच नाहीत. तरी कुणी ते दगड उचलून गटाराला लावले नाहीत.

तुमच्या होलोकॉस्ट म्युझियमचं, म्हणजे त्या ज्यूंच्या कत्तलीच्या स्मारकाचं, सांगू नका. २०१८ ला भूमिपूजन झालं, २०२४ ला परत राष्ट्राध्यक्ष बोलावून समारंभ. आमच्या कोकणातले पूल पण असेच, दर इलेक्शनला नारळ. आणि ज्या चौकात ११ जुलै १९४२ ला हजारो ज्यू पुरुषांना उन्हात उभं करून कवायत करायला लावली त्या ‘स्वातंत्र्य चौकात’ वर्षानुवर्षं गाड्या पार्क!

सगळी सरकारं सारखीच म्हणा. इस्राएलमध्ये आम्ही पूर्ण ज्यू आहोत हे कबूल करायला १९६४ उजाडलं, त्यासाठी आमच्या माणसांना रस्त्यावर उतरावं लागलं. मेल्यावर दगड नाही, जिवंतपणी दाखला नाही, कागद मात्र सगळ्यांना हवेत, तीन-तीन झेरॉक्स.

तर मागणं एवढंच की शहरात असे जेवढे दगड भिंतीत, अंगणात, गोडाऊनात पडलेत त्यांचे फोटो आणि अक्षरं नेटवर टाका, म्हणजे घरी बसून शोधता येईल. आणि तो गल्लीतला दगड तेवढा सुलटा करा. सिमेंट हळू खरवडा, खाली नाव असेल. उत्तर ग्रीकमध्ये आलं तरी चालेल, मी वाचून घेईन कुणाकडून. फक्त मंगळवार देऊ नका.

आपली,
अलिबागची लेक, सलोनिकाची सून