खान्देशच्या गच्चीला खान्देशचेच वेळापत्रक हवे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गच्चीवरील भाजीपाल्याविषयी येणारे लेख मी आवडीने वाचते आणि कात्रणे जपूनही ठेवते. मात्र ‘दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडा’ हा त्यांतला पहिलाच सल्ला पुण्या-मुंबईच्या सज्जासाठी योग्य असला, तरी भुसावळच्या उघड्या गच्चीवर तो रोपांच्या जिवावर बेततो. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी सिमेंटची फरशी अनवाणी पायाला सोसत नाही, आणि तिच्यावर ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतली किंवा तेलाच्या पत्र्याच्या डब्यातली माती इतकी तापते की मुळेच होरपळतात. वरून पाणी घालूनही रोप का वाळले, हे नवख्या माणसाला कळत नाही आणि तो कुंड्या रिकाम्या करून मोकळा होतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत असेच झाले आहे.

आपल्याकडे कुंडीतल्या भाजीचे खरे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होते. वांगी, मिरची आणि टोमॅटोची रोपे जून-जुलैत तयार करावीत; मेथी, पालक, कोथिंबीर व शेपू पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास पेरावेत, म्हणजे माघ-फाल्गुनापर्यंत ताजी पाने मिळतात. टोमॅटोचे झाड एप्रिलमध्ये हिरवेगार दिसले तरी दिवसाचे तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रही उष्ण असली की परागकण निकामी होतात व फुले गळतात. त्यात खताचा दोष नसतो, म्हणून खत वाढवूनही उपयोग होत नाही. उन्हाळ्यात भेंडी, गवार, पोकळा आणि मायाळू एवढ्यावरच समाधान मानावे, वर अर्धी सावली देणारी हिरवी जाळी बांधावी, कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात आणि त्यांना बाहेरून चुना लावावा. पुदिना पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला ठेवला तर दुपारनंतर त्याला सावली मिळते. केळीची वाळलेली पाने आपल्याकडे विपुल आहेत. त्यांचा तीन-चार बोटे जाड थर मातीवर पसरला की ओल बराच वेळ टिकते, आणि ज्या गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे याचे मोल सांगायला नको.

मातीबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. कपाशीची काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी ती नुसतीच कुंडीत भरली, तर ओली असताना निचरा होऊ देत नाही आणि वाळली की भेगा पडून पाणी कडेने निघून जाते. तिच्यात तितकेच कुजलेले शेणखत आणि थोडी जाडी वाळू मिसळावी. पालेभाजीला वीतभर खोली पुरते, वांगे-मिरचीला मात्र हात-सव्वा हात लागते. वजनाचाही विचार करावा: वावर असलेल्या गच्चीचा आराखडा सामान्यतः चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरून केलेला असतो, तर फूटभर ओल्या मातीचा सलग वाफा त्याच जागेत ५०० किलोंच्या आसपास जातो. म्हणून मोठ्या कुंड्या भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर ठेवाव्यात, जुन्या धाब्याच्या घरावर तर त्या ठेवूच नयेत.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. कपाशीच्या फवारणीचे रिकामे डबे धुऊन त्यांत कोथिंबीर लावलेली मी पाहिली आहे. ते डबे कितीही धुतले तरी खाण्याच्या भाजीसाठी वापरू नयेत, हे आपल्या दैनिकाने ठळक अक्षरांत छापावे.

भरताचे वांगेही गच्चीवर होते, हे आनंदाने नमूद करते. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते मोठे, फिकट हिरवे फळ चाळीस लिटरच्या पिंपात आमच्याकडे मार्गशीर्षात धरते. शेंडा मलूल दिसला की आत अळी आहे असे समजून तो लगेच खुडून नष्ट करावा; चार झाडांवर रोज सकाळी नजर फिरवणे सहज जमते आणि फवारणीची गरज फारशी पडत नाही. त्याच भरतासाठी कांद्याची पात आणि हिरवी मिरची शेजारच्या कुंडीतून खुडता येते.

माझी विनंती दोन प्रकारची आहे. आपण जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी दर महिन्याला त्या-त्या महिन्याची लावणी सांगणारी चौकट छापावी आणि ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या किंवा ममुराबाद, पाल येथील कृषी विज्ञान केंद्रांच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी. तसेच भरीत वांग्याचे खात्रीचे बी आठ-दहा झाडांपुरत्या लहान पुडीत उपलब्ध करून द्यावे, असा आग्रह आपण या संस्थांकडे धरावा. रोपे मृगाआधी टाकायची तर हे बी मेअखेरीस हाती पडले पाहिजे.

आपली विश्वासू,
एक वाचक, भुसावळ