थांबलेल्या ठिपक्याविषयी

सेंट गालन (स्वित्झर्लंड), ११ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या शनिवारी फोनवर आपले जे बोलणे झाले ते निम्मे रागावण्यात आणि निम्मे रडण्यात गेले, त्यामुळे नेमके काय झाले होते ते सांगायचे राहूनच गेले. आई, तू वाईत गणपतीच्या घाटावर जाऊन आलीस आणि त्यानंतरही देव पाण्यात घालून बसलीस, हे मला दुसऱ्या दिवशी दादाकडून कळले. तेव्हापासून मनाला चुटपुट लागून राहिली आहे, कारण मी डोंगरात असताना नकाशावरचा माझा ठिपका थांबला होता, त्या चार तासांत मला काहीही झाले नव्हते; जे काही बिघडले होते ते मी बनवलेल्या यंत्रात होते आणि त्याचा दोष सर्वस्वी माझा आहे.

तुमच्या फोनवर मी जो नकाशा लावून दिला आहे, त्यावरचा लाल ठिपका म्हणजे माझ्या सॅकच्या खांदापट्ट्याला अडकवलेली, काडेपेटीहून थोडी मोठी अशी डबी आहे. तिच्यात उपग्रहांचे संदेश ऐकून जागा ठरवणारा जीपीएसचा एक तुकडा, एक लहान संगणक, एक सेल आणि लोरा पद्धतीने बोलणारा रेडिओ एवढेच आहे. डबी दर पंधरा मिनिटांनी आपली जागा हवेत सांगते, माझ्या खिडकीबाहेरचा अँटेना ती ऐकतो आणि घरातल्या इंटरनेटवरून ती तुमच्यापर्यंत येते. असा रेडिओ अगदी थोड्या विजेवर चालतो आणि मोबाईलच्या मनोऱ्याचे त्याला काही देणेघेणे नसते. मात्र त्याला समोरची वाट मोकळी लागते. कड्यावर उभा असलो तर वीस किलोमीटरवरच्या माझ्या खिडकीला माझा आवाज सहज पोहोचतो, पण मध्ये डोंगर आला की दोन किलोमीटरसुद्धा जड जातात.

त्या दिवशी मी ब्रुलिसाऊ गावातून रोपवेने होहर कास्टेन या शिखरावर गेलो आणि तिथून दक्षिणेकडे श्टाउबर्नमार्गे धारेधारेने चालत झाक्सर लुके नावाच्या खिंडीपर्यंत आलो. या वाटेवर डाव्या हाताला हजाराहून अधिक मीटर खाली ऱ्हाईनचे सपाट खोरे पसरलेले असते आणि उजवीकडे सेंटिसचे २५०२ मीटर उंचीचे टोक, त्यावरच्या उंच प्रक्षेपण मनोऱ्यासह, सतत सोबत करते. तोपर्यंत ठिपका शहाण्या मुलासारखा चालत होता. बारा चाळीसला, म्हणजे तुमच्या सव्वाचारच्या सुमारास, मी खिंडीतून आत फेलेनझे या तलावाकडे उतरलो. लांबट, गडद हिरवे पाणी आणि दोन्ही बाजूंना चुनखडीच्या उभ्या भिंती अशी ती जागा आहे. तलावाला वरून बाहेर पडणारा ओढाच नाही, त्याचे पाणी खडकातल्या भेगांतून जमिनीखाली शिरते आणि ऱ्हाईनच्या खोऱ्याकडे निघून जाते. बाबा, धरणाच्या कालव्यांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला ही गळती मुळीच आवडणार नाही, पण मी मात्र त्या काठावर दीड तास बसून राहिलो.

आई, विहिरीत उतरलेल्या माणसाला वर आभाळ दिसत असते, पण अंगणातल्या माणसाला त्याची हाक ऐकू येत नाही. माझ्या डबीचे तसेच झाले. उपग्रह डोक्यावर होते, त्यामुळे आपण कुठे आहोत हे तिला बरोबर कळत होते. मात्र ते सेंट गालनला सांगण्याची वाट भिंतींनी अडवली होती. बॅटरी संपली असेल असे दादाने तुला समजावले, ते त्याने चांगल्या हेतूनेच केले, पण तसे नव्हते. मोबाईललाही त्या खोलगटात रेंज नव्हती. पावणेतीनला मी उठलो आणि दुसऱ्या एका तलावाजवळून, मग झाडीने भरलेल्या अरुंद घळीतून उतरत पाच वाजायच्या आत ब्रुलिसाऊला पोहोचलो, तेव्हा फोनवर बाबांचे अकरा मिस्ड कॉल एकदम आले. ठिपका तर त्याहूनही उशिरा, परतीच्या गाडीने गाईस नावाचे स्टेशन सोडल्यानंतर हलला; म्हणून तुम्हाला तो डोंगरातून थेट रुळांवर उडी मारल्यासारखा दिसला.

इथपर्यंत दोष डोंगराचा. पुढचा माझा आहे. डबीचा प्रोग्राम लिहिताना मी असे ठरवले होते की पोहोचपावती आली नाही तर ती नोंद टाकून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी नवी पाठवायची. त्यामुळे मधल्या चार तासांच्या वाटेचा मागमूसच उरला नाही. त्याहून वाईट म्हणजे नकाशावरचा ठिपका जुना झाला तरी तसाच लालभडक राहत होता. आत्ताचा ठिपका आणि चार तासांपूर्वीचा ठिपका सारखेच दिसत असतील तर पाहणाऱ्याने काय समजायचे? मला स्वतःला हे कधी जाणवले नाही, कारण मी तो नकाशा पाहतच नाही. तो तुम्ही पाहता. कार्यालयात दुसऱ्याने असे काम केले असते तर मी त्याला चांगलेच सुनावले असते.

हा आठवडा रोज संध्याकाळी मी त्याच्याच मागे होतो. आता न पोहोचलेल्या नोंदी डबी साठवून ठेवते आणि वाट मोकळी झाली की एकामागून एक पाठवते. शेवटचा संदेश किती वाजता आला ते ठिपक्याच्या बाजूला तुमच्या घड्याळाप्रमाणे लिहून येते आणि अर्ध्या तासाहून जुना ठिपका राखाडी होतो. (या महिन्याच्या शेवटी इथली घड्याळे एक तास मागे जातील आणि आपल्यातले अंतर साडेतीनवरून साडेचार तासांचे होईल, तो हिशेब नकाशा स्वतः करील.) अँटेना खिडकीवरून काढून छताजवळ लावायचा आहे, पण त्यासाठी भिंतीला ड्रिल करावे लागेल आणि रविवारी ड्रिल चालवणे इथल्या शेजाऱ्यांच्या लेखी चोरी करण्याच्या खालोखाल येते, म्हणून ते पुढच्या शनिवारवर ढकलले आहे.

बाबा, त्या सगळ्या गोंधळातही तुम्ही विचारलेत की होहर कास्टेनच्या फोटोतल्या पाटीवर १७९५ मीटर आहे, मग नकाशावर १८४३ कसे. हा प्रश्न मला फार आवडला. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून. समुद्रसपाटी त्या आकाराशी जुळत नाही. इथे ती त्याच्या सुमारे पन्नास मीटर वर आहे, म्हणून कच्ची उंची तेवढी जास्त येते. आपल्याकडे नेमके उलटे आहे: श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रसपाटी त्या आकाराच्या सुमारे १०६ मीटर खाली जाते, आणि त्याच खोलगटाच्या उतारावर असलेल्या मुंबईच्या किनाऱ्यावर कच्ची उंची साठेक मीटर पाण्याखालची दिसेल. माझा प्रोग्राम कच्चा आकडा उचलत होता, तोही सुधारला. आणि उंची मोजणारी डंपी लेव्हल घेऊन बेंचमार्क, म्हणजे ठरलेल्या उंचीच्या खुणा, शोधत हिंडलेल्या तुम्हाला हे सांगायलाच हवे की या अख्ख्या देशाची उंची जिनिव्हाच्या बंदरात पाण्यातून डोके वर काढणाऱ्या एका खडकापासून मोजतात. त्या खडकाची उंची आधी ३७६.८६ मीटर धरत होते. १९०२ साली ती ३७३.६ ठरली, म्हणजे न हलता तो सव्वातीन मीटर खाली आला.

आता यापुढे ठिपका थांबला तर काय करायचे ते ठरवून ठेवू. इथल्या वाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसते, चालायला लागणारा वेळ असतो. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर धरून आणि चढउतार मिळवून तो काढलेला असतो आणि माझी चाल त्याच्याशी बहुतेक जुळते. निघण्याआधी मी पाट्यांच्या वेळांची बेरीज करून, खाण्याबसण्याचा वेळ मिळवून, परतीची एक वेळ दादाला कळवीन. त्या वेळेपर्यंत ठिपका राखाडी असला तरी मी एखाद्या विहिरीत आहे एवढेच समजावे. त्यानंतर दोन तास उलटले आणि फोनही लागला नाही, तरच दादाने रेगाला कळवावे. ही हेलिकॉप्टरने सुटका करणारी इथली संस्था १९५२ सालापासून आहे आणि मुख्यतः लोकांच्या वर्गणीवर चालते. मीही वर्षाला ४० फ्रँक भरतो. तिचा १४१४ हा क्रमांक फक्त देशातून लागतो, म्हणून भारतातून फिरवायचा क्रमांक मी दादाला वेगळा दिला आहे. आई, तू मात्र त्या काळात नकाशा उघडू नकोस, अशी माझी विनंती आहे. तू ती मानणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

डिसेंबरमध्ये येईन तेव्हा अशाच दोन डब्या तिथे तयार करू. रेडिओ पुण्यात घेऊ, कारण इथला ८६८ मेगाहर्ट्झच्या किंचित वरच्या पट्ट्यासाठी लावलेला आहे आणि आपल्याकडे परवान्याविना ८६५ ते ८६८ मध्ये बोलता येते. एक डबी आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी राहील आणि दुसरी घेऊन बाबा आणि मी पांडवगडावर जाऊ. गच्चीतून दिसणाऱ्या कड्यापर्यंत ठिपका चालेल आणि आम्ही गडाच्या मागल्या अंगाला वळलो की तो राखाडी होईल. त्या वेळी घड्याळात किती वाजले ते आई, तू कॅलेंडरवर लिहून ठेव. मी खाली आल्यावर माझ्या वहीतल्या वेळेशी ताडून पाहीन.

बाबा, गच्चीवरचा खांब तोपर्यंत बसवून घ्याल का? दीड इंची पाईप पुरेल, उंची टाकीच्या वर निदान एक मीटर असावी.

तुमचा,
धाकटा