लाक्सातले सोडे काढा, असं मुंबईकर कधी म्हणाले?

महोदय,

हल्ली मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत सिंगापूर-मलेशियाचं जेवण मिळायला लागलंय ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्या नावाखाली जे वाढतात त्याबद्दल कुणीतरी बोलायला हवं म्हणून हे पत्र. नुकतेच आम्ही घरचे सगळे आणि शेजारच्या काकू, त्या पक्क्या शाकाहारी, अशा एका पंचतारांकित हॉटेलात जेवायला गेलो होतो. जागा सुंदर, स्टाफ अदबशीर, त्याबद्दल तक्रार नाही. मी लाक्सा मागवला. नारळाच्या दुधाच्या झणझणीत रश्शातल्या या नूडल्स, आणि त्यांचा सगळा जीव वाटणात असतो: सुकी लाल मिरची, गवती चहाचे दांडे, आल्याच्या जातीचं गलांगल, सोडे म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, आणि बेलाचान. बेलाचान म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोलंबी मीठ घालून आंबवून वाळवून केलेली वडी, भाजायला घेतली की घरभर उग्र वास सुटतो पण तेलात वाटणाबरोबर परतली की रश्शाला अशी काही खोल चव येते की दुसऱ्या कशानेच येत नाही. माझ्यापुढे आलं ते गोडसर पिवळं सूप आणि वर मोठ्या कोलंब्या. सोडे-बेलाचान कुठे असं विचारलं तर हॉटेलवाले म्हणाले, सर, गेस्टना तो वास आवडत नाही म्हणून आम्ही घालत नाही.

कोणते गेस्ट? वर्सोव्याला बांबूंवर बोंबील वाळत असतात, सुकटीच्या बाजारात पावसाळ्याआधी पाय ठेवायला जागा नसते, सीकेपींच्या घरी सोड्याची खिचडी म्हणजे सण, आणि या शहराला म्हणे सुक्या कोलंबीचा वास चालत नाही! आम्हाला एकदा विचारा तरी.

आणि खरा राग तर पुढच्या गोष्टीचा आला. काकूंच्या व्हेज राईसबरोबर लाल सांबल, म्हणजे तिकडची मिरचीची चटणी, आलं, त्यात बेलाचान आहे का असं विचारलं तर वेटरला माहीत नाही, तो आत जाऊन आला तरी नक्की सांगता येईना, शेवटी काकूंनी ते बाजूला ठेवलं आणि नुसता भात खाल्ला. मलेशियात सांबलमध्ये बेलाचान घालणं ही अगदी रोजची गोष्ट आहे, ते डोळ्यांना दिसत नाही, आणि कोलंबीची ॲलर्जी असलेल्या माणसाला तर हे जिवावर बेतू शकतं. म्हणजे मांसाहाऱ्याच्या ताटातून चव काढून टाकली आणि शाकाहाऱ्याला खात्री दिली नाही.

चिकन राईसचंही तेच. हायनानीज चिकन राईसमध्ये भात हाच खरा पदार्थ असतो, कोंबडीच्या चरबीत आलं-लसूण परतून तिच्याच स्टॉकमध्ये पांडन नावाचं सुवासिक पान घालून शिजवतात. आम्हाला साधा बासमती मिळाला, वर उकडलेल्या कोंबडीचे तुकडे. सिंगापूरच्या ज्या हॉकर सेंटरांत, म्हणजे एका छताखालच्या खाण्याच्या साध्या स्टॉलांवर, हे पदार्थ प्लास्टिकच्या ताटलीत मिळतात त्या संस्कृतीला युनेस्कोने २०२० साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, आणि आपल्याकडे त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून त्यातला गाभाच मिळत नाही. (बिलात सर्व्हिस चार्जही लावला होता, सांगितल्यावर काढला. तो सक्तीने घेता येत नाही असं दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय, वाचकांनी लक्षात ठेवावं.)

माझं मागणं मोठं नाहीये. बेलाचान घालून केलेला लाक्सा मेनूवर ठेवा आणि तसं स्पष्ट छापा, ज्याला नको तो नाही मागवणार. शाकाहारी लोकांसाठी सांबल वेगळ्या भांड्यात, वेगळ्या वाटणाचं करा आणि वाढणाऱ्या मुलांना ते नीट समजावून सांगा. बेलाचान मिळायला अडचण असेल तर ससून डॉकला जाऊन चांगला जवळा आणा, हुबेहूब नाही होणार पण त्या गोड सुपापेक्षा नक्कीच जवळचं होईल. आणि आपल्या पेपरात हॉटेलांबद्दल लिहिणाऱ्यांनाही विनंती, सजावटीचं कौतुक जरूर करा, पण वाटणात काय आहे तेही किचनमध्ये विचारून छापा.

एक वाचक, माहीम