त्या रात्रीच्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. साडेचार महिन्यांची मुलगी, दिवसभर उलट्या-जुलाब, आणि बाळापेक्षा जास्त रडणारी आई, एवढ्यावरून आठवले तर बघा.

तुमच्याकडे येण्याआधी पाच तास मी तिला अंगावर घेतलंच नव्हतं. "दूधच बाधतंय, पोटाला आराम दे," असं घरच्या एका जाणत्या माणसाने सांगितलं आणि मी ऐकलं. उकळून गार केलेलं पाणी तेवढं देत होते. ती माझ्या कुशीत तोंड खुपसत होती, इकडे माझी छाती दगडासारखी झाली होती, तरी नाही पाजलं. हे तुम्हाला सांगताना मान वर होत नव्हती. तुम्ही रागावला नाहीत. "आधी घ्या तिला," म्हणालात आणि पडदा ओढलात.

डॉक्टरांनी तपासून सांगितलंच होतं, विषाणूमुळे आहे, अँटिबायोटिकने काही होणार नाही, आणि जुलाब बांधायचं औषध इतक्या लहान बाळाला द्यायचंच नाही. ओआरएस द्या, रात्रभर लक्ष ठेवू. पण ते करायचं कसं, हे तुम्ही शिकवलंत. नुसत्या पाण्यात क्षार नसतात, जुलाबातून गेलेले भरून निघत नाहीत, उलट रक्तातलं सोडियम आणखी उतरतं. अंगावरच्या दुधात पाणी, साखर, क्षार तर असतातच, शिवाय जंतूंशी लढणारे घटकही असतात. पाजणं थांबवायचं नाही, हे तुम्ही तीनदा तरी म्हणालात.

तिने पाच मिनिटं ओढलं आणि भडाभडा ओकली. मी पुन्हा रडायला लागले. तेव्हा तुम्ही घडी घातलेल्या कोरड्या लंगोटावर दोन चमचे पाणी ओतलंत. तळहाताएवढा डाग पसरला. "बघा, असंच दिसतं. वाटतं सगळं पडलं." तो डाग मी अजून विसरले नाही.

मग दहा मिनिटं थांबून पुन्हा घ्यायचं, थोडा वेळच, पण लवकर लवकर. मधे सिरिंजने ओआरएस, गालाच्या आतल्या बाजूला, थेंबाथेंबाने. घाई केली की उलटी, हे मी दोनदा करून पाहिलं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं, एक थेंब कमी-जास्त नको, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून टाकायचं.

सगळ्यात कामी आला तो कापसाचा बोळा. पाण्यासारख्या शीमध्ये शू झाली की नाही कळतच नव्हतं. तुम्ही लंगोटात पुढच्या बाजूला बोळा ठेवलात. एका कागदावर चार रकाने आखून दिलेत: पाजलं, उलटी, शी, शू. टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, सहा तास शू नाही, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं किंवा हलवूनही धड जागी होत नाही, तर हाक मारायची. बाकीच्या वेळी कागद बघायचा, तिच्या तोंडाकडे टक लावून बसायचं नाही. खरं सांगू, हे शेवटचं मला नाही जमलं.

"रोटाव्हायरसची लस दिली होती, तरी कसं झालं?" असं मी चिडूनच विचारलं होतं. दुसरे विषाणूही असतात, आणि लस असली की आजार सहसा जोर धरत नाही, असं तुम्ही शांतपणे सांगितलंत. त्या वेळी मला ते काही पटलं नव्हतं.

घरी आल्यावर उलट्या दुसऱ्या दिवशी थांबल्या, जुलाब सहा दिवस चालले. झिंकचं औषध 14 दिवस पूर्ण दिलं, जुलाब थांबल्यावरही. तिसऱ्या दिवशी मीच आडवी झाले, पण तुम्ही बजावलं होतंत म्हणून पाजत राहिले आणि हात साबणानेच धूत राहिले, नुसत्या सॅनिटायझरवर भागवलं नाही.

शू झाली की मला येऊन सांगा, असं तुम्ही म्हणाला होतात. मी बोळा घेऊन बाहेर आले तेव्हा तुमची ड्युटी संपली होती. म्हणून आत्ता सांगते: सहा वाजून वीस मिनिटांनी झाली, बोळा पिळता येईल एवढी.

तुमची ऋणी,
चार रकान्यांचा कागद अजून जपून ठेवलेली आई