गहू सोडण्याआधी सीलिॲकची तपासणी हवी

महोदय,

पोट वारंवार बिघडत असलेल्या माणसाला हल्ली डॉक्टरांच्याही आधी कोणीतरी ‘गहू सोडून बघा’ असा सल्ला देते. सल्ल्यामागचा हेतू चांगला असतो आणि अनेकांना त्याने बरेही वाटते. परंतु सीलिॲक या आजाराची तपासणी न करताच गहू बंद केला, तर पुढे त्या आजाराचे निदान करणे फार अवघड होऊन बसते, हे थोड्यांनाच माहीत असते. त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामातील बिघाडाने होणारा पोटाचा जुना त्रास) आणि सीलिॲक या दोन्हींत पोटदुखी, गुबारा, जुलाब किंवा बद्धकोष्ठता दिसते. पण आत घडते ते अगदी वेगळे. आयबीएसमध्ये आतड्याला इजा झालेली नसते. आतड्याची हालचाल, त्याची संवेदनशीलता आणि मेंदूशी चालणारा त्याचा संवाद बिघडलेला असतो. त्रास मात्र खराच असतो, त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. सीलिॲकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे आतील सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात, आणि मग लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड अंगी लागत नाही. त्यामुळे हा आजार नेहमी पोटाच्या तक्रारीनेच समोर येतो असेही नाही. गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, मुलांची खुंटलेली उंची, कमी वयात ठिसूळ झालेली हाडे किंवा वंध्यत्व, एवढीच खूण कधी कधी दिसते. माझ्या भाचीला दीर्घकाळ केवळ लोहाच्या गोळ्या दिल्या जात होत्या. तिच्या पोटाबद्दल कोणी विचारले नाही, आणि तिलाही ते सांगण्यासारखे वाटले नाही.

सीलिॲकच्या तपासणीत प्रथम रक्तातील टीटीजी-आयजीए हे प्रतिद्रव्य (अँटीबॉडी) पाहतात. काही रुग्णांच्या शरीरात आयजीए हा प्रतिद्रव्यांचा प्रकार मुळातच कमी असतो व अहवाल फसवा येतो, म्हणून एकूण आयजीएही मोजणे योग्य. अहवाल होकारार्थी आला, तर सहसा एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा तुकडा तपासला जातो. या तपासण्या विश्वासार्ह ठरण्यासाठी रुग्ण गहू खात असला पाहिजे. गहू सोडला की प्रतिद्रव्ये हळूहळू उतरतात, आतडेही सावरू लागते आणि आजार असूनही अहवाल नकारार्थी येऊ शकतो. तपासणीआधी किमान 6 आठवडे दिवसातून एकापेक्षा अधिक जेवणांत ग्लूटेन असावे, असे ब्रिटनमधील नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आयबीएसचे निदान करण्याआधी सीलिॲकची रक्ततपासणी करावी, असेही तीच तत्त्वे सांगतात. आपल्याकडे ही शिस्त सर्वत्र पाळली जात नाही, याचे वाईट वाटते.

मग तपासणी न करता गहू सोडणाऱ्या अनेकांना बरे का वाटते? गव्हात ग्लूटेनखेरीज फ्रुक्टॅन नावाची शर्करा असते. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू धरतो. कांदा-लसणातही तीच असते. आयबीएसच्या रुग्णाला आराम मिळतो तो बहुधा ही शर्करा कमी झाल्यामुळे. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेली कमी फॉडमॅपची (म्हणजे अशा न पचता आंबणाऱ्या शर्करा कमी असलेली) आहारपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. मात्र त्यातील कडक पथ्य काही आठवड्यांपुरतेच असते, त्यानंतर एकेक पदार्थ परत सुरू करून आपल्याला नेमके काय सोसत नाही ते शोधायचे असते. जन्मभर सगळेच टाळत बसल्याने पोषण तेवढे घटते. अनेकांना भरपूर पाण्याबरोबर घेतलेल्या इसबगोलाचा उपयोग होतो, तर गव्हाच्या कोंड्याने काहींचा त्रास वाढतो. वजन उतरणे, शौचातून रक्त जाणे, झोपेतून उठवणारे जुलाब, पंडुरोग किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास यांपैकी काहीही असेल, तर त्याला आयबीएस म्हणून स्वस्थ बसू नये.

सीलिॲकच्या रुग्णाला अशी मोकळीक नाही. त्याचे पथ्य जन्मभराचे आणि कणभरही न ढळणारे असावे लागते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, साबुदाणा हे सारे मुळात ग्लूटेनमुक्त असल्यामुळे महाराष्ट्रात हे पथ्य सोपे वाटते. अडचण लपलेल्या गव्हाची आहे. बांधणी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, आणि आपल्या फोडणीला तर रोज हिंग लागतो. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, सातूचे पीठ यांत अनेक घरांत गहू पडतो. माल्ट घातलेली पेये जवापासून बनतात. गिरणीत गव्हापाठोपाठ ज्वारी दळली, तर भाकरीही सुरक्षित राहत नाही. घरात वेगळे जाते किंवा छोटी घरघंटी हाच त्यावर खात्रीचा उपाय. सर्वांत चिंतेची बाब खपली गव्हाची. काही विक्रेते तो ग्लूटेन न सोसणाऱ्यांसाठी चांगला म्हणून विकतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे आणि सीलिॲकच्या रुग्णाने तो मुळीच खाऊ नये. पारंपरिक धान्याबद्दल मला आदर आहे, पण त्याच्या नावावर रुग्णांची अशी दिशाभूल होता कामा नये.

भारतीय अन्नसुरक्षा व मानक प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये, आणि पाकीटबंद मालावर ग्लूटेनयुक्त धान्याचा उल्लेख बंधनकारक आहे. सुट्या हिंगाला आणि घरगुती पिठांना मात्र लेबलच नसते. तिथे दुकानदाराने विचारल्यावर खरे सांगावे, एवढी तरी अपेक्षा आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने खपलीच्या जाहिरातींची तपासणी करावी. आरोग्य विभागाने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात टीटीजीची चाचणी मोफत मिळेल अशी व्यवस्था करावी, आणि सीलिॲक असलेल्या रुग्णाच्या आई-वडिलांची, भावंडांची व मुलांचीही तपासणी सुचवावी. कारण हा आजार कुटुंबात आढळतो आणि लक्षणे नसतानाही असू शकतो.

आपली विश्वासू,
एक वाचक, नाशिक