सबमिशन झालं की रद्दीत?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा दांडिया बाजारात रद्दी द्यायला गेलो तर काट्यावर स्पायरल केलेल्या असाइनमेंटचा गठ्ठा, सहज एक उघडलं तर कुणा बीएस्सीच्या पोराने विश्वामित्री नदीतल्या मगरींवर लिहिलेलं, २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांत कशा शिरल्या, आजीने गॅलरीतून काय बघितलं, इतकं झकास की उभ्या उभ्या सहा पानं वाचली. आणि सरांचा शेरा? नुसती एक टिक!

१९४९ पासून आपल्याकडे सयाजीराव युनिव्हर्सिटी आहे, फाइन आर्ट्सची पोरं दरवर्षी आपलं काम मांडतात, बडोदेकर हौसेने बघायला जातात, मग सायन्स, कॉमर्स, इंजिनिअरिंगवाल्यांनी लिहिलेलं कोणी का बघू नये? सगळ्या फॅकल्टीतले चार-चार चांगले लेख निवडून वर्षाला एक अंक काढा ना, गुजराती, मराठी, इंग्रजी काहीही चालेल. फक्त निवडायला दुसऱ्याच विषयाचे सर बसवा, अकाउंट्सवाल्यांना मगर समजली म्हणजे पोराने नीट लिहिलंय (आमच्या वेळी तर गाइडमधून उतरवलं की काम झालं, असो).

ते असाइनमेंट मी दहा रुपयांना सोडवून आणलंय, पहिलं पान फाटलंय त्यामुळे नाव कळत नाही. ज्याचं असेल त्याने घेऊन जावं.

– एक वाचक, बडोदा